मदत हवी: लहान फोटो चढतो, मोठ्या फोटोला कॉर्स एरर

कातळसडा
नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या काही आंबा बागायतदारांसाठी वेबसाइट करतोय. ग्राहक पेटी बुक करतो, पैसे भरतो, आणि बागायतदार आपल्या फोनवरून बागेचे, पेटी भरतानाचे फोटो चढवतो. समोरचा भाग रिॲक्टमध्ये आहे, तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवर चालतो. एपीआय नोड आणि एक्स्प्रेसमध्ये, वेगळ्या सबडोमेनवर, पुढे एनजिनएक्स, म्हणजे विनंत्या आधी घेऊन एक्स्प्रेसकडे देणारा वेब सर्व्हर. दोन्हीकडे एचटीटीपीएस आहे. लॉगिननंतर टोकन मिळतं, ते ऑथरायझेशन हेडरमधून पाठवतो.

लॉगिन होतं, बुकिंगची यादी येते, डझनाचा भाव बदलता येतो. फोटो मात्र अडतो. क्रोमच्या कन्सोलमध्ये तांबड्या अक्षरांत येतं की कॉर्स (एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरचं उत्तर वाचू द्यायचे नियम) धोरणामुळे विनंती अडवली, उत्तरात ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन हा हेडर नाही. पण बाकीच्या सगळ्या विनंत्यांना तोच हेडर व्यवस्थित येतोय! एक्स्प्रेसमध्ये कॉर्सचं मिडलवेअर (प्रत्येक विनंती ज्यातून जाते तो कोडचा टप्पा) सगळ्यात वर आहे, ओरिजिनही, म्हणजे साइटचा पत्ता, नेमकं लिहिलेलं आहे.

त्यात आणखी एक गोष्ट जुळत नाही. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो सेव्ह करून चढवला तर जातो. कॅमेऱ्यातून थेट काढलेला जात नाही. माझ्या लॅपटॉपवर, लोकलला, दोन्ही जातात.

मोसम तोंडावर आलाय. पहिल्या पेट्या निघायच्या आत फोटो लागायला हवेत, कारण गिऱ्हाईक बाग बघूनच पेटी मागतं. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

गलबत
फेचमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमधून विनंती पाठवतोस तिथे, मोड नो-कॉर्स करून बघ, एरर जाईल. नाहीतर क्रोमला कॉर्स बंद करायचं एक्स्टेन्शन मिळतं, तपासण्यापुरतं ते टाक.

खाडीकाठ
गलबत, एरर जाईल हे खरं, पण काम होणार नाही. नो-कॉर्स म्हणजे 'मला उत्तर वाचायचं नाही' असं आपणच ब्राउझरला लिहून देणं. मग जे उत्तर हाती येतं ते बंद पाकीट असतं: स्टेटस शून्य, आतला मजकूर रिकामा. फोटो चढला की नाही, कुठल्या पत्त्यावर गेला, काहीच कळत नाही. शिवाय त्या मोडमध्ये ऑथरायझेशन हेडर पाठवताच येत नाही, म्हणजे लॉगिनवाल्या एपीआयला त्याचा उपयोग शून्य.

एक्स्टेन्शनचंही तसंच. ते तुझ्या ब्राउझरमध्ये चालेल. बागेत उभ्या असलेल्या माणसाच्या फोनमध्ये ते कोण टाकणार? आणि ते चालू ठेवून तुम्ही इतर साइट्सवर, बँकेच्या साइटवर फिरलात तर ज्या संरक्षणासाठी हा नियम आहे तेच काढून टाकलेलं असतं. तपासायलासुद्धा मी हा सल्ला देणार नाही.

सुरंगी
कातळसडा, लहान-मोठ्याचा फरक तुम्ही नोंदवलात ते फार बरं केलंत, अर्धं उत्तर त्यातच आहे. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. म्हणजे प्रश्न आकाराचा वाटतोय, ओरिजिनचा नाही. कॉर्सच्या सेटिंगला अजून हात लावू नका. आधी एवढं बघून सांगा:

डेव्हटूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, फोटो चढवा. एकाच पत्त्याच्या दोन ओळी दिसतील. पहिली ऑप्शन्सची, म्हणजे प्रीफ्लाइट, मूळ विनंतीआधी ब्राउझर परवानगी विचारतो ती. दुसरी पोस्टची. दोघींचं स्टेटस काय येतं? यादीत नुसतं 'कॉर्स एरर' लिहिलेलं दिसेल, पण कन्सोलमध्ये त्या तांबड्या वाक्याच्या खाली आणखी एक ओळ असते आणि बहुतेकजण ती वाचत नाहीत. तिच्या शेवटी आकडा असतो. तो आकडा हवाय.

आणि सर्व्हरवर एक्स्प्रेसच्या लॉगमध्ये त्या वेळेची फोटोची विनंती दिसते का तेही बघा.

कातळसडा
ताई, बघितलं.
ऑप्शन्सला २०४. त्यात सगळे हेडर नीट आहेत.
पोस्टच्या ओळीच्या शेवटी ४१३.
एक्स्प्रेसच्या लॉगमध्ये ऑप्शन्स दिसते, पोस्ट दिसतच नाही.
फोटो चार-पाच एमबीचा आहे. व्हॉट्सॲपवाला काहीशे केबीचा.

सुरंगी
झालं मग, सापडलं.

४१३ म्हणजे पाठवलेला ऐवज सर्व्हरने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा मोठा आहे. एनजिनएक्समध्ये क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइझ नावाची मर्यादा असते आणि तुम्ही काहीच लिहिलं नसेल तर ती १ एमबी धरली जाते. फोटो त्याहून मोठा, त्यामुळे एनजिनएक्सने तो दारातूनच परत पाठवला. एक्स्प्रेसपर्यंत विनंती पोहोचलीच नाही, म्हणून लॉगमध्ये नाही. आणि कॉर्सचा हेडर तर एक्स्प्रेस लावतो! एनजिनएक्सने स्वतः तयार केलेल्या ४१३ च्या उत्तराला तो लागलाच नाही. ब्राउझरला दिसलं काय, तर परक्या ओरिजिनकडून आलेलं, परवानगी नसलेलं उत्तर. त्याने नियमाप्रमाणे ते तुमच्या कोडपासून लपवलं आणि कॉर्सचं नाव सांगितलं.

लोकलला चाललं कारण तिथे मध्ये एनजिनएक्स नाही.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण माणसं याच ठिकाणी अडकून बसतात. कॉर्सची एरर आली की सगळे कॉर्सच्या सेटिंगमध्ये शिरतात, तारांकन (म्हणजे सगळ्यांना परवानगी) लाव, हा हेडर घाल, तो काढ असं सुरू होतं. खरा बिघाड मागेच राहतो. नोड बंद पडला तर एनजिनएक्स ५०२ देतो, तोही हेडरशिवाय. उत्तराला उशीर झाला तर ५०४, तसाच. कन्सोलमध्ये तिन्ही वेळा तेच कॉर्सचं वाक्य. म्हणून प्रीफ्लाइट पास झाली असेल आणि मूळ विनंतीला एरर येत असेल तर आधी स्टेटसचा आकडा बघा. चार दिवस चालणाऱ्या एपीआयला अचानक कॉर्स एरर आली, तर सर्व्हर जिवंत आहे का ते पहिलं बघा.

आता दुरुस्ती.

पहिलं, त्या एपीआयच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये मर्यादा वाढवा. आजच्या फोनांना १० ते १५ एमबी पुरेल. एक्स्प्रेसमध्ये फाइल घ्यायला मल्टर ही लायब्ररी वापरत असाल तर तिथलीही मर्यादा त्याच्याशी जुळवून घ्या.

दुसरं, एनजिनएक्सच्या स्वतःच्या एररनाही हेडर लागायला हवा, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रीनवर 'फोटो फार मोठा आहे' असं सरळ सांगता येईल. यात दोन खाचा आहेत. ॲड-हेडर ही सूचना नुसती लिहिली तर ती २०० आणि ३०० च्या घरातल्या ठरावीक स्टेटसलाच लागते, ४१३ किंवा ५०२ ला नाही. शेवटी ऑलवेज हा शब्द जोडावा लागतो. आणि लोकेशन ब्लॉकमध्ये एक जरी ॲड-हेडर लिहिला, तरी वरच्या सर्व्हर ब्लॉकमधले सगळे ॲड-हेडर तिथे लागू होत नाहीत. नव्या माणसाला ही दुसरी खाच शोधून सापडत नाही.

पण सरसकट ऑलवेज लावू नका. एक्स्प्रेसही हेडर लावतोय, एनजिनएक्सही लावेल, आणि उत्तरात अलाउ-ओरिजिन दोनदा येईल. एकापेक्षा जास्त किमती आल्या की ब्राउझर तेही नाकारतो, मग चालणाऱ्या विनंत्याही बंद पडतील. त्याऐवजी ४१३, ५०२ आणि ५०४ साठी एरर-पेज लिहून एका नाव दिलेल्या लोकेशनकडे वळवा, आणि हेडर फक्त तिथे लावा. प्रॉक्सी-इंटरसेप्ट-एरर्स मुळात बंदच असतं, त्यामुळे एक्स्प्रेसने पाठवलेल्या एररना हे लोकेशन हात लावत नाही. एनजिनएक्सने जन्माला घातलेल्या एररच तिकडे जातात.

बदल केल्यावर एनजिनएक्सची कॉन्फिग तपासून घ्या, मगच रीलोड करा.

कातळसडा
ताई, फोटो गेला! मर्यादा १२ एमबी केली, एरर-पेजचं लोकेशनही लिहिलं. मुद्दाम मोठा व्हिडिओ निवडून बघितला, तर कॉर्सचं नाव नाही, सरळ ४१३ माझ्या कोडला मिळतोय आणि मराठीत संदेश दाखवता येतोय. तुमचे मनापासून आभार.

सुरमईफ्राय
बरा झाला धागो काढलंस. माका पण असोच त्रास झालो होतो, पण माझा एनजिनएक्स नाही. तारकर्लीला आमची होमस्टे आहे. बुकिंगचा फॉर्म साध्या एचटीएमएल पानावर, आणि मागे गुगल शीट, ॲप्स स्क्रिप्टने जोडलेली. भाच्याने करून दिली होती, तो आता पुण्याला असतो. फॉर्म पाठवला की कॉर्स एरर येते. आणि मजा म्हणजे ऑप्शन्सचं स्टेटससुद्धा धड येत नाही. सर्व्हर गुगलचा, मी तिथे हेडर कुठे लावणार?

खाडीकाठ
काका, तुमच्या फॉर्मच्या कोडमध्ये कंटेंट-टाइप ॲप्लिकेशन-जेसन असं दिलेलं असणार. तेच काढायचंय.

ब्राउझर प्रत्येक विनंतीआधी प्रीफ्लाइट करत नाही. गेट, हेड किंवा पोस्ट असेल, वेगळे हेडर नसतील, आणि कंटेंट-टाइप जुन्या एचटीएमएल फॉर्मला पाठवता यायचे त्या तीनपैकी एक असेल, तर विनंती थेट जाते. ते तीन म्हणजे यूआरएल-एन्कोडेड फॉर्म, मल्टिपार्ट फॉर्म आणि साधा टेक्स्ट. जेसन त्यात नाही. म्हणून ब्राउझर आधी ऑप्शन्स पाठवून विचारतो, आणि ॲप्स स्क्रिप्टमध्ये डू-गेट आणि डू-पोस्ट लिहिता येतं, ऑप्शन्सला उत्तर द्यायची सोयच नाही. विचारणा तिथेच फसते.

तुम्ही जेसनच पाठवा, फक्त कंटेंट-टाइप टेक्स्ट-प्लेन द्या. डू-पोस्टमध्ये पोस्ट-डेटाचा मजकूर घेऊन जेसन-पार्स करा. शीटमध्ये ओळ पडेल आणि उत्तरही वाचता येईल.

आणखी दोन जागा तपासा. डिप्लॉय करताना स्क्रिप्ट 'मी' म्हणून चालावी आणि प्रवेश 'कोणालाही' असावा. नाहीतर गुगल लॉगिनच्या पानाकडे पाठवतं, त्या पानाला कॉर्सचा हेडर नसतो, आणि पुन्हा तीच एरर. स्क्रिप्टमध्ये चूक होऊन ती मध्येच थांबली तरी असंच होतं, कारण मग गुगलचं एररचं पान येतं. डू-पोस्टचा सगळा मजकूर ट्राय-कॅचमध्ये ठेवा आणि चूक झाली तरी जेसनमध्ये उत्तर द्या.

सुरमईफ्राय
झाला रे बाबा! टेक्स्ट-प्लेन केलं आणि लगेच ओळ पडली. पण आता जुनी शीट बघतोय तर मे महिन्यातली काही बुकिंगं दोनदा, तीनदा पडलेली आहेत. तेच नाव, तीच तारीख. पाहुण्यांना तर एरर दिसत होती असं ते फोनवर सांगायचे. मग ओळी पडल्या कशा?

सुरंगी
हा प्रश्न चांगला आला, कारण कॉर्सबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे की ब्राउझर विनंती जाऊच देत नाही.

प्रीफ्लाइट लागणारी विनंती खरोखर अडते, विचारणा फसली की मूळ विनंती निघतच नाही. पण साधी विनंती निघते, सर्व्हरवर पोहोचते, तिचं काम होतं. अडवलं जातं ते उत्तर. माल धक्क्याला लागलेला असतो, उतरवून घ्यायची चिठ्ठी तेवढी नसते. तुमचा फॉर्म कधीतरी यूआरएल-एन्कोडेड पाठवत असेल, आणि ओळ लिहून झाल्यावर स्क्रिप्ट पुढे मेल पाठवताना अडखळत असेल. मग ओळ शीटमध्ये पडते, पाहुण्याला एरर दिसते, आणि तो पुन्हा बटण दाबतो. किनाऱ्यावर रेंज ये-जा करत असते तिथे तर हे कॉर्सशिवायही होणार.

उपाय: फॉर्म उघडताच ब्राउझरमध्ये एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कशाशी न जुळणारा क्रमांक, तयार करा आणि तो बुकिंगबरोबर पाठवा. स्क्रिप्टने आधी बघायचं, हा क्रमांक शीटमध्ये आहे का. असेल तर नवी ओळ न टाकता जुनंच उत्तर द्यायचं. दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर घोळ नको म्हणून ॲप्स स्क्रिप्टची लॉक-सर्व्हिस वापरा, ती एका वेळी एकीलाच आत सोडते.

आणि यावरूनच दुसरी गोष्ट. कॉर्स तुमच्या सर्व्हरचं रक्षण करत नाही. हेडरमध्ये फक्त तुमची साइट लिहिलीत म्हणून बाकी कोणी एपीआयला हात लावू शकत नाही असं समजू नका. पोस्टमन, कर्ल यांसारखी ब्राउझरशिवाय विनंती पाठवणारी साधनं, दुसऱ्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट, यांना कॉर्स लागूच नाही. कोण विनंती करतोय आणि त्याला ती करायचा हक्क आहे का, ही तपासणी सर्व्हरनेच करायची.

चिपळूणकडचा
मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वरचं सगळं वाचलं, कळलंही, पण मग हा नियम नक्की कोणाला वाचवतो? पोस्टमनमध्ये चालतं तर ब्राउझरमध्येच का अडवायचं?

सुरंगी
वापरणाऱ्याला वाचवतो. पोस्टमनमध्ये तुझ्या बँकेचं लॉगिन नसतं, ब्राउझरमध्ये असतं. समज, एका टॅबमध्ये तू बँकेत लॉगिन केलंयस आणि दुसऱ्या टॅबमध्ये कुठलंतरी अनोळखी पान उघडलंयस. त्या पानाच्या जावास्क्रिप्टने बँकेकडे तुझ्या खात्याची माहिती मागितली आणि ब्राउझरने तुझी कुकी सोबत जोडून दिली, तर बँकेला वाटणार की तूच मागतोयस. उत्तर त्या पानाला वाचू दिलं तर तुझा सगळा हिशेब त्याच्या हातात.

म्हणून एका ओरिजिनच्या पानाने दुसऱ्याचं वाचायचं नाही, हा मूळ नियम. तो १९९५ पासूनचा आहे, नेटस्केप नॅव्हिगेटरमध्ये जावास्क्रिप्ट आली त्याच सुमाराचा. पुढे साइट एका ठिकाणी आणि एपीआय दुसरीकडे अशी रचना रूढ झाली आणि तो नियम जाचक ठरायला लागला. लोक जेसनपी वापरायचे, म्हणजे परक्या सर्व्हरची स्क्रिप्ट थेट आपल्या पानात चालवायची. त्यात धोका होता. कॉर्स ही त्या बंदीतून दिलेली रीतसर वाट आहे. पहिला प्रस्ताव २००४ मध्ये व्हॉइसएक्सएमएल या आवाजी सेवांच्या भाषेसाठी आला होता, जानेवारी २०१४ मध्ये ती डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस झाली, आणि आता तिचे नियम फेच स्टँडर्डमध्ये आहेत. म्हणजे कॉर्स अडवत नाही. अडवतो तो जुना नियम, कॉर्स परवानगी देतो. हे एकदा डोक्यात बसलं की हेडर सर्व्हरवरच का लावायचा हे वेगळं सांगावं लागत नाही: ज्याची माहिती, त्यानेच परवानगी द्यायची.

गलबत
मी नो-कॉर्स सुचवलं होतं ते का चालत नाही हे नीट कळलं, धन्यवाद. माझं एक: आमच्याकडे टोकन नाही, कुकीवर लॉगिन आहे. साइट आणि एपीआय एकाच डोमेनच्या दोन सबडोमेनवर. तारांकन लावलं तर लॉगिन टिकत नाही.

खाडीकाठ
कुकी जायची असेल तर तारांकन चालतच नाही. अलाउ-ओरिजिनमध्ये नेमकं नाव लागतं, सोबत अलाउ-क्रेडेन्शियल्स खरं, आणि फेचमध्ये क्रेडेन्शियल्स इन्क्लूड. नाव लिहिताना शेवटी तिरकी रेघ नको. ओरिजिन म्हणजे स्कीम, होस्ट आणि पोर्ट एवढंच, आणि जुळवणी अक्षरशः होते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना ही दोन वेगळी ओरिजिन. लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ सुद्धा वेगळी, मशीन एक असलं तरी.

अनेक ओरिजिनना परवानगी द्यायची असेल तर सर्व्हरवर यादी ठेवा, आलेलं ओरिजिन यादीत असेल तरच तेच परत पाठवा, आणि व्हेरी हेडरमध्ये ओरिजिन लिहा, नाहीतर कॅशमधलं एकाचं उत्तर दुसऱ्याला मिळतं. आलेलं कुठलंही ओरिजिन न बघता परत पाठवणं आणि वर क्रेडेन्शियल्स खरं करणं, असा कोड नेटवर सर्रास सापडतो. तो कृपा करून उचलू नका. सुरंगीताईंनी बँकेचं सांगितलं ते दार तुम्ही स्वतः उघडून देता.

एकाच डोमेनची सबडोमेन ब्राउझरच्या लेखी एकाच साइटमधली असतात, म्हणून सेमसाइट (परक्या साइटवरून कुकी जावी का ते ठरवणारी सेटिंग) लॅक्स असलेली कुकीही तुमच्याकडे जाईल. एपीआय पूर्ण वेगळ्या डोमेनवर असती तर सेमसाइट नन आणि सिक्युअर लागलं असतं, आणि तरी सफारी ती अडवतो.

एक राहिलं. तुमच्याकडे लॉगिन तपासणारं मिडलवेअर कॉर्सच्या वर असेल तर ते खाली घ्या. प्रीफ्लाइटबरोबर कुकी किंवा टोकन कधीच येत नाही. तिला ४०१, म्हणजे 'लॉगिन नाही', मिळालं की खेळ खलास. प्रीफ्लाइटला रीडायरेक्टही चालत नाही, म्हणून एपीआयचा पत्ता एचटीटीपीने लिहिला असेल आणि सर्व्हर एचटीटीपीएसकडे वळवत असेल तर पत्ताच बदला.

गलबत
मिडलवेअर वरच होतं. खाली घेतलं, तारांकन काढून नाव घातलं, लॉगिन टिकतंय.

कातळसडा
आज पुढचं काम केलं ते लिहून ठेवतो, कोणाला लागलं तर. सड्यावरच्या बागांत फोनला एखादी दांडी रेंज असते, तिथून पाच एमबी चढवणं म्हणजे परीक्षाच. म्हणून आता फोटो फोनमध्येच कॅनव्हासवर लहान करतो, लांब बाजू १६०० पिक्सेल, जेपेगचा दर्जा ०.८. बहुतेक फोटो अर्ध्या एमबीच्या आत येतात. सर्व्हरची १२ एमबीची मर्यादा तशीच ठेवली आहे, कारण जुन्या फोनवर कॅनव्हास फसला तर मूळ फोटो पाठवावा लागतो.

प्रीफ्लाइटही प्रत्येक फोटोला एकेक जादा फेरी मारत होती, त्या रेंजमध्ये तेवढाही वेळ जाणवतो. मॅक्स-एज लावलं नाही तर ब्राउझर परवानगी फक्त ५ सेकंद लक्षात ठेवतो. मी ७२०० लावलं, म्हणजे दोन तास. क्रोम त्याहून जास्त मानत नाही.

सुरंगीताई, एकच शंका. नोड रीस्टार्ट होताना मधले काही सेकंद ५०२ येतो. आता तो माझ्या कोडला दिसतो, तर अशा वेळी फोटो आपोआप पुन्हा पाठवावा का?

सुरंगी
पाठवा, पण सुरमईफ्राय काकांना सांगितलं तेच इथेही: फोटोबरोबर यूयूआयडी हवा, म्हणजे एकच फोटो दोनदा पडणार नाही. ५०२ आणि ५०४ लाच पुन्हा पाठवा, ४१३ ला नको, तो कितीही वेळा पाठवला तरी तेच उत्तर येणार. प्रत्येक वेळी मधलं अंतर दुप्पट करत जा, आणि दोन-तीनदा फसल्यावर थांबून बागायतदाराला 'पुन्हा पाठवा' असं बटण दाखवा. फोटो तोवर ब्राउझरच्या इंडेक्स्डडीबी या साठ्यात ठेवा, पान बंद झालं तरी राहील.